विसरलेले पाढे आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञानावर किंवा समाजसंघटनेवर बोलले जावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आजचा विषय त्या मानाने फारच साधा आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक आणि शेकडेवारी; त्यातही हे सारे प्राथमिक शाळेत नव्हे, तर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकण्याविषयी. ज्या समाजाचा दिवस गल्ला मोजून संपतो, त्या समाजापुढे हा विषय मांडावा लागतो यातच त्याचे गांभीर्य आहे.

नागपुरातील कोणत्याही वाणिज्य महाविद्यालयातील बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. प्राध्यापक फळ्यावर एक साधे उदाहरण घालतात. एक हजार रुपये किमतीच्या साडीवर प्रथम वीस टक्के आणि उरलेल्या रकमेवर पुन्हा दहा टक्के सूट दिली, तर एकूण सूट किती टक्के? वर्गातून एका सुरात उत्तर येते, तीस. वास्तविक हजाराचे आठशे झाले, आठशेचे सातशे वीस झाले. सूट अठ्ठावीस टक्के. तीस म्हणणारा विद्यार्थी मंदबुद्धी नसतो. त्याला नफा-तोट्याचे सूत्र पाठ असते, भ्रमणध्वनीवरील गणकयंत्र तो विजेच्या वेगाने चालवतो. टक्का नेहमी कशाचा तरी असतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘द.सा.द.शे.’ ही चार अक्षरे त्याने दहावीपर्यंत शेकडो वेळा लिहिलेली असतात; त्यांचा विस्तार ‘दर साल दर शेकडा’ असा होतो, हे विचारले तर तो गोंधळतो. ज्या चार शब्दांत व्याजाचे सारे गणित सांगून टाकले आहे, तेच त्याच्यासाठी एक निरर्थक चिन्ह होऊन बसले आहे.

हा विद्यार्थी येथवर पोहोचला कसा, हे समजणे कठीण नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत गणित सक्तीचे नाही. गणित किंवा ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ यांपैकी एक विषय निवडता येतो, आणि ज्याला दहावीच्या बीजगणिताने छळले आहे तो कोणता निवडणार हे सांगावयास नको. मध्यंतरी काही वर्षे दहावीलाही ‘सामान्य गणित’ असा सोपा पर्याय होता. तो पुढे बंद झाला. अशा रीतीने मधली दोन-तीन वर्षे आकड्यांशी फारसा संबंध न आलेला मुलगा एके दिवशी वाणिज्यच्या वर्गात बसतो आणि पहिल्याच महिन्यात त्याच्यासमोर सरासरी, घसारा, भागीदारीतील नफ्याची विभागणी येऊन उभी राहते. पाया नाही आणि दुसऱ्या मजल्याचे काम सुरू झाले, अशी ही अवस्था.

हे केवळ येथलेच दुखणे आहे असेही नाही. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी पाहणीत २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्यास सांगितले गेले. दोन्ही वेळा सुमारे ४३ टक्के मुलांनाच ते जमले. आणि ज्या अमेरिकेकडे आपण ज्ञानाचे माहेरघर म्हणून पाहतो, तेथील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या नामांकित विद्यापीठात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी साधारणतः आठांतील एकाचे गणित शालेय पातळीच्याही खाली असल्याचे नमूद आहे. त्यांच्यासाठी विद्यापीठास प्राथमिक व माध्यमिक शाळेतील गणित शिकविणारा वर्ग चालवावा लागला. त्या वर्गातील एक प्रश्न असा होता : सात अधिक दोन बरोबर किती अधिक सहा? सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना याचे उत्तर देता आले नाही.

या एका प्रश्नावर क्षणभर थांबावे. उत्तर तीन आहे; पण ज्याचा पाया कच्चा तो रिकाम्या जागी नऊ लिहून मोकळा होतो. त्याची बेरीज बरोबरच आहे. चुकले आहे ते ‘बरोबर’ या चिन्हाचे आकलन. त्याच्या दृष्टीने ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा. तागडीवर माल तोलणाऱ्यास मात्र हे सांगावे लागत नाही. एका पारड्यात सात आणि दोन शेर पडले असतील आणि दुसऱ्यात सहा शेर असतील, तर काटा मध्यावर येण्यास तीन शेर हवेत. समीकरण म्हणजे तागडी. खतावणीतील जमा-नावेही तीच तागडी. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा अर्धा अभ्यासक्रम या एका प्रतिमेत सामावतो.

आता थोडे मागे वळून पाहू. विदर्भातील वाणिज्य शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. जमनालालजी बजाज यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्धा येथे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले आणि १९४५ मध्ये नागपुरात त्याची शाखा निघाली. व्यापारी घरांतील मुलांना पदवीचे दार त्यामुळे जवळ आले. त्या काळचा विद्यार्थी इंग्रजीत अडखळत असेल, अर्थशास्त्राचे सिद्धांत त्यास जड जात असतील. परंतु त्याला अंकगणित शिकविण्याची गरज प्राध्यापकांना सहसा भासत नसे. ते तो घरून, पेढीवरून आणि पंतोजींच्या शाळेतून घेऊनच येत असे.

काय घेऊन येत असे तो? एक ते तीसचे पाढे तर होतेच. त्याशिवाय अपूर्णांकांचे पाढे होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन या सात अपूर्णांकांनी प्रत्येक संख्येस गुणून ठेवलेले तयार कोष्टक. आजच्या तरुणांना ही नावे एखाद्या जुन्या खेळाची वाटतील. पण त्यांचे काम कसे चाले ते पाहावे. त्या काळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. छिटाचा दर बारा आणे वार, आणि गिऱ्हाइकाने सतरा वार कापड फाडून मागितले. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. दुकानदार कागदाला हात न लावता म्हणे, सतरा पाऊणके पावणेतेरा. बारा रुपये बारा आणे द्या. गिऱ्हाईकही तेवढ्यात तोच हिशेब मनात करून बसलेले असे. दोघांच्या तोंडी एकच पाढा असल्यामुळे फसवणुकीस जागाच फारशी उरत नसे. ही बाब वाटते तितकी लहान नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे आली; वार जाऊन मीटर आला, शेर जाऊन किलो आला. (लुगडे तेवढे नऊवारीच राहिले. त्याला सव्वाआठमीटरी म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.) हा बदल देशाच्या हिताचाच होता. जुनी पद्धत गावागणिक बदलणाऱ्या मापांमुळे जाचक होती आणि पाढे पाठ करवून घेणाऱ्या छडीच्या आठवणीही सर्वच गोड नाहीत. तेव्हा जुने ते सोने असा दावा येथे नाही. दावा एवढाच की, अपूर्णांकांचे पाढे गेले त्याबरोबर अपूर्णांकांची ओळखही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. पूर्वी अपूर्णांक कानाने शिकला जाई. आता तो केवळ डोळ्यांनी, अंश आणि छेद यांच्यामधील एका आडव्या रेषेच्या रूपात दिसतो. शून्य पूर्णांक पंचाहत्तर शतांश आणि पाऊण ही एकच गोष्ट आहे, हे मुलाच्या मनात जुळतच नाही.

मराठी भाषेत मात्र ती ओळख अजून जिवंत आहे. पावणेदोनशे, सव्वादोनशे, अडीचशे, साडेतीनशे हे शब्द आजही इतवारीतील प्रत्येक पेढीवर दिवसभर उच्चारले जातात. पावणेदोनशे म्हणजे दोन शेकड्यांना पाव शेकडा कमी. त्या एका शब्दात वजाबाकी आहे, अपूर्णांक आहे आणि शेकडेवारीही आहे. आणि इंग्रजी माध्यमात शिकून आलेला मालकाचा मुलगा दुकानातील जुन्या मुनीमजींना विचारतो, पावणेदोनशे म्हणजे नेमके किती? गल्ल्यावर बसलेले सगळे हसतात. मुलगा पुन्हा विचारत नाही. ज्या क्षणी त्याने विचारणे थांबविले, त्या क्षणी त्याचे अंकगणित कायमचे थांबले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असेही वाचण्याची पद्धत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले होते. गणित समितीच्या अध्यक्षा, ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, जोडाक्षरांनी भरलेली उलट क्रमाची संख्यानामे लहान मुलांना अडखळवितात. भाषेचे अभिमानी चिडले. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न, की मुलांना आकडे कळत नाहीत, बाजूलाच राहिला.

या शब्दांचे मूळ शोधू गेले तर ते प्राकृतात सापडते. औट, म्हणजे साडेतीन, हा शब्द प्राकृत ‘अद्धुट्ठ’वरून आला, त्याचा अर्थ ज्यातील चौथा अर्धा आहे तो. हिंदी भाषक घरांतील वडीलधाऱ्यांनी पाठ केलेला ‘हूंठा’ त्याचाच भाऊ. अडीच म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे तो. ‘अढाई द्वीप’ हे शब्द येथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले आहेत. जंबूद्वीप, धातकीखंड आणि तिसऱ्या पुष्करवर द्वीपाचा अर्धा भाग मिळून अढाई. अपूर्णांक शिकविण्यास याहून परिचित उदाहरण कोणते असणार? पण पाठशाळेत ते भूगोल म्हणून शिकविले जाते आणि गणिताच्या तासाला कोणास आठवत नाही.

अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचा विषय निघाला की एका ग्रंथाचे स्मरण अपरिहार्य ठरते. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या राजवटीत, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी संपादित केलेली हिंदी आवृत्ती जीवराज जैन ग्रंथमालेतून काढली. म्हणजे ग्रंथ महाराष्ट्रातच छापला गेला आहे. तो किती ग्रंथालयांत उघडला गेला, हा प्रश्न वेगळा.

या ग्रंथाचा गौरव पुष्कळ होतो. येथे त्याच्याकडे एका शिक्षकाच्या नजरेने पाहावयाचे आहे. महावीराचार्य आरंभी गणिताची थोरवी सांगतात आणि नंतर थेट मापांवर येतात : क्षेत्राची मापे, काळाची मापे, धान्याची, सोन्याची, चांदीची. आधी काय मोजायचे ते ठरवा, मग मोजा. त्यानंतर आठ परिकर्मे, म्हणजे मूलभूत क्रिया. त्यांचा प्रारंभ गुणाकारापासून होतो. साधी बेरीज-वजाबाकी विद्यार्थ्यास येतच असेल, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. त्यानंतर भिन्न म्हणजे अपूर्णांक, मग त्रैराशिक, मग व्याज आणि मिश्र व्यवहार. क्षेत्रफळ, खोदकाम आणि सावलीचे गणित शेवटी. आजच्या वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षास जे लागते, ते जवळजवळ याच क्रमाने लागते.

त्यांची उदाहरणे पाहावीत. गुणाकाराच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक असे : एकेका जिनमंदिरात आठ-आठ कमळे वाहिली, तर १४४ मंदिरांत किती? विद्यार्थ्याने रोज पाहिलेली वस्तू घेऊन आचार्य सुरुवात करतात. उत्तर ११५२. आणि मग ते त्याला आनंद देतात. १३९ ला १०९ ने गुणा, उत्तर येते १५१५१, जे डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, उत्तर येते १०००००००१. अशा उत्तरांना ते गळ्यातील कंठ्याची, हाराची उपमा देतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ असा चढत जाऊन उतरणारा हार तयार होतो. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी आज रात्री हे गुणाकार यंत्राशिवाय करून पाहावेत. ज्याने अकराशे-साडेअकराशे वर्षांपूर्वी हे शोधले, त्याच्या समोर गणिताला घाबरणारे विद्यार्थीच बसले असले पाहिजेत. न घाबरणाऱ्यांसाठी एवढी मिठाई कोण करतो?

भिन्नांची बेरीज करताना छेदांचा लघुतम साधारण विभाज्य घ्यावा, ही रीतही या ग्रंथात येते. तिला ‘निरुद्ध’ असे नाव आहे. पूर्वीच्या भारतीय गणितग्रंथांत ती अशा रूपात आढळत नाही. त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, एखाद्या संख्येस शून्याने भागले असता ती तशीच राहते, असे आचार्यांनी लिहिले आणि ते चुकीचे आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास हे अवश्य सांगावे. एवढा मोठा गणितीही एका ठिकाणी चुकला, तर सव्वादोनशे न कळणाऱ्या मुलाने लाजेने तोंड लपविण्याचे कारण नाही.

विदर्भाचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनी ‘षट्खंडागम’ धवला टीकेसह संपादित करण्याचे प्रचंड कार्य हाती घेतले आणि १९३९ पासून त्याचे खंड अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागले. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिताचे अभ्यासक डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावर स्वतंत्र लेख आहे. त्यात ‘अर्धच्छेद’ या संकल्पनेचे विवेचन येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली असता एकावर येते, तो तिचा अर्धच्छेद. आजचे गणित यालाच दोन पाया असलेला लॉगॅरिदम म्हणते, आणि महाविद्यालयातील विद्यार्थी त्या शब्दानेच घाबरतो. त्याला जुन्या नाण्यांची गोष्ट सांगावी. रुपया मोडला की दोन अधेल्या, अधेली मोडली की दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे, आण्याचे दोन ढब्बू, ढब्बूचे दोन पैसे. रुपयाचे चौसष्ट पैसे होईपर्यंत सहा वेळा मोड करावी लागली. म्हणून चौसष्टचा अर्धच्छेद सहा. यात अवघड काय राहिले?

आणि हाताने काम करता करता गणित शिकण्याचा प्रयोग तर वर्ध्यातच झाला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात अंकगणित तकलीशी जोडलेले होते. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. मूल सूत काते आणि मोजे. मोजता मोजता गुणाकार-भागाकार करी. सुताच्या नंबरात तर एक संपूर्ण धडाच दडला आहे. ८४० वारांची एक लडी. एका पौंडात अशा वीस लड्या बसल्या तर सूत वीस नंबरी, चाळीस बसल्या तर चाळीस नंबरी. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. व्यस्त प्रमाण याहून स्पष्ट कोठे दिसेल? १८७७ पासून २००२ पर्यंत ज्या नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता, त्या नागपुरातील वाणिज्यचा विद्यार्थी व्यस्त प्रमाणासाठी मजूर आणि दिवसांची तीच उदाहरणे घोकतो आणि कापडाच्या ताग्यावरील नंबर वाचून पुढे जातो.

आता प्रत्यक्ष काय करावे, याविषयी. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमास हात लावणे समाजाच्या हाती नाही. पण अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीचे किंवा त्याच्या बरोबरीचे सहा-आठ आठवडे हाती आहेत. त्यात फार विषय नकोत. खरोखर एकच गोष्ट पक्की व्हावी : हा टक्का कशाचा? चारशेला आणलेली वस्तू पाचशेला विकली. खरेदीवर नफा पंचवीस टक्के, विक्रीवर तोच नफा वीस टक्के. बाप एक भाषा बोलतो, हिशेबनीस दुसरी, आणि मुलास वाटते दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. दुसरे उदाहरण रोजच्या बिलाचे. कापडावर पाच टक्के जीएसटी. करासह रक्कम १०५० रुपये असेल तर कर किती? विद्यार्थी १०५० चे पाच टक्के काढून साडेबावन्न सांगतो. कर पन्नास आहे, कारण पाच टक्के हजारावर लागले होते, १०५० वर नव्हे. अडीच रुपयांचा हा फरक एका बिलात क्षुल्लक. वर्षभराच्या विवरणपत्रात तो नोटीस होऊन येतो. तिसरे, वीस टक्के उतरलेला भाव पुन्हा वीस टक्के चढला तर मूळ जागी का येत नाही? हजाराचे आठशे, आठशेचे नऊशे साठ. चौथे, ‘शेकडा दोन’ दरमहा व्याज ऐकायला किती सौम्य वाटते. वर्षास सरळ व्याजाने ते चोवीस होते आणि महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ केले तर जवळजवळ सत्तावीस. ज्या मुलाला हे चार हिशेब तोंडी करता येतात, त्याची पहिल्या वर्षाची भीती निम्म्याने ओसरते.

गणकयंत्राशी वैर करण्याचे कारण नाही. फक्त एक नियम असावा की, यंत्रास हात लावण्यापूर्वी उत्तराचा अंदाज मोठ्याने सांगायचा. एकोणपन्नास मीटर कापड दोनशे तीन रुपये दराने. पन्नास दुणे शंभर, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. यंत्राने ९९४७ दाखविले तर ठीक. ९९४७० दाखविले तर बोट चुकले. अंदाज न करणारा विद्यार्थी यंत्राने दाखविलेले काहीही बिलावर लिहितो.

सर्वांत कठीण भाग मात्र हिशेबाचा नाही. अठरा वर्षांच्या मुलास चौथीचे गणित येत नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक असते. ते लपविण्यासाठी तो जे कष्ट घेतो, त्याच्या निम्म्या कष्टात तो ते शिकू शकेल. तो पुढच्याची वही उतरवतो, सूत्रे पाठ करतो, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोकतो आणि पदवीधर होऊन बाहेर पडतो. मग गादीवर बसल्यावर नोकराने केलेला हिशेब तो तपासू शकत नाही. तपासता येत नाही हे कोणाला कळू नये म्हणून तपासतच नाही. पेढ्या बुडण्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. बाजार, सरकार, ऑनलाइन विक्री. हे कारण कोणी सांगत नाही. यास जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर वडीलधाऱ्यांना आवडणारे नाही. ‘वाण्याच्या पोटी जन्मून एवढेही येत नाही?’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. गणित रक्तातून येत नाही. ते पाढ्यांतून, सवयीतून, आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या दिडकी-अडीचकीतून येत असे. तो मार्ग मोठ्यांनी बंद केला आणि दोष मुलाच्या जन्मास दिला.

मुलींबाबत तर अन्याय दुहेरी. आज वाणिज्य शाखेत मुली मोठ्या संख्येने आहेत, परंतु दुकानातील हिशेब ऐकण्याची संधी भावास मिळते, तिला नाही. परंपरा काय सांगते? भगवान ऋषभदेवांनी आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी शिकविली आणि सुंदरीला अंक. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ही कथा येते, आणि जिनसेन हे त्याच अमोघवर्षाचे गुरू मानले जातात ज्याच्या काळात गणितसारसंग्रह लिहिला गेला. अंकविद्येची पहिली विद्यार्थिनी कन्या होती, असे मानणाऱ्या समाजात जमाखर्चाची वही मुलीच्या हाती देण्यास संकोच का व्हावा?

म्हणून एक सूचना. महाविद्यालये सुरू होतात त्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास चातुर्मासाचे कार्यक्रम असतात, सभागृह उघडे असते, दिवे लागलेले असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दुकाने लवकर बंद होतात त्या दिवशी अधिक सोयीचे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे बसवावे. एक फळा, खडू आणि एक खरी तागडी असावी. शिकविण्यास निवृत्त शिक्षक मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास दोन जुने मुनीम आणि एक सनदी लेखापाल पुरेत. परीक्षा नसावी, गुण नसावेत, नावांची यादी सूचनाफलकावर लावू नये. पालकांना आत येण्यास मनाई असावी. निदान पहिले चार आठवडे. पहिल्या संध्याकाळी कमळांचे उदाहरण घ्यावे, आणि ज्याला १४४ ला आठने गुणता येणार नाही त्याच्याकडे कोणीही वळून पाहू नये.